आरशाची जागा

चाकणजवळच्या एका गावातला वीरगळ मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो चिंचेखाली अर्धा मातीत होता. खाली झुंज, मधल्या कप्प्यात वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दोन कप्प्यांमधल्या पट्टीवर अक्षरांसारखे काही कोरलेले होते. ऊन डोक्यावर असल्याने माझ्या जुन्या डीएसएलआरवर सारे सपाट उमटले. नवा कॅमेरा घेऊन सकाळच्या तिरप्या उन्हात परत यायचे ठरवले. आणि डीएसएलआरच घ्यावा की मिररलेस, या घोळात वर्ष घालवले. परत गेलो तेव्हा रस्ता रुंद झाला होता. वीरगळ सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवून त्यावर शेंदरी ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. गावाने देव म्हणून तो जपला होता. अक्षरे मात्र बुजली होती.

ज्या निवडीपायी ते वर्ष गेले, तिचा इतिहास मी नंतर धुंडाळला.

छायाचित्रकाराची जुनी अडचण अशी की, लेन्सला जे दिसते ते त्याला ऐन क्षणी दिसत नसे. तो मागच्या काचेवर चित्र जुळवी आणि मग तिथे प्लेट सरकवी. किंवा बाजूच्या वेगळ्या खिडकीतून पाही. खिडकी आणि लेन्स यांच्या नजरेत थोडा फरक राही व जवळच्या वस्तूचे चित्र हमखास चुके. १८६१ मध्ये थॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने लेन्समागे आरसा बसवण्याचे पेटंट घेतले. १९४९ च्या जर्मन ‘काँटॅक्स एस’मध्ये आरशावर पेंटाप्रिझम आला व चित्र डोळ्यासमोर सुलट दिसू लागले. १९५४ मध्ये जपानी ‘असाहीफ्लेक्स’चा आरसा फोटो निघताच आपोआप जागेवर परतू लागला. १९५९ च्या ‘निकॉन एफ’ने हे सारे एकत्र आणून व्यावसायिकांच्या हाती दिले. पुढची पन्नास वर्षे ‘खरा कॅमेरा’ म्हणजे आरशाचा, हे समीकरण टिकले. १९२५ पासून विकला जाणारा लायका आरशाविनाच होता, हे आपण विसरलो.

डिजिटल सेन्सर स्वतःच चित्र दाखवू लागला, तेव्हा आरशाचे मूळ काम संपले. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा ‘जी १’ आला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही मोठ्या सेन्सरच्या मिररलेसकडे वळले.

पिंपरी-चिंचवडकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १९७२ पासूनची चेतक स्कूटर सकाळी सुरू झाली नाही की आपण ती तिरपी करून किक मारत होतो. आकुर्डीतले वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०१९ मध्ये चेतक विजेवर परतली आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा कारखाना सुरू झाला. नाव तेच, किक नाही, कार्बोरेटर नाही, स्पार्क प्लगही नाही. स्कूटर तिरपी करायची हातोटी मात्र आपल्याबरोबर संपणार.

आता निवडीचा हिशेब. निकॉनचा ‘डी ८५०’ हा डीएसएलआर आणि ‘झेड ७’ हा मिररलेस, दोन्ही ४५.७ मेगापिक्सेलचे. बॅटरीसह पहिल्याचे वजन १,००५ ग्रॅम, दुसऱ्याचे ६७५. ठरलेल्या चाचणीनुसार एका बॅटरीत पहिला १,८४० फोटो काढतो, दुसरा ३३०. दिवसभर रानोमाळ फिरणाऱ्याला खांद्यावरचे ओझे आणि झोळीतल्या जादा बॅटऱ्या यांची तुलना करावी लागते. चाकणच्या धुळीत लेन्स बदलताना आरसा आणि त्यामागचा पडदा सेन्सरला आडोसा देतात. बहुतेक मिररलेसमध्ये तो उघडा पडतो. उलट देहूत कीर्तन चालू असताना मिररलेसचा मूक शटर कुणाचे चित्त विचलित करत नाही.

आणखी एक भेद मला मोलाचा वाटतो. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर असते, नव्यात १६. उरलेले ३०.५ मिलिमीटर म्हणजे आरशाची रिकामी जागा. तेवढ्या लांबीचे पोकळ कडे लावले की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर मात्र बसत नाही.

पण माझा वीरगळ हलणारा नव्हता. ट्रायपॉडवरचा डीएसएलआर ‘लाइव्ह व्ह्यू’वर टाकला की त्याचा आरसा वर जाऊन बसतो, म्हणजे त्या वेळी तो मिररलेसच असतो. माझ्या कामापुरता हा वादच उरत नव्हता, आणि हे वर्षभराच्या वाचनात माझ्या ध्यानात आले नव्हते. दगडाला हवा होता तिरपा उजेड, आणि तो बाजूने धरलेल्या साध्या टॉर्चनेही मिळतो.

नवा कॅमेरा मी घेतला नाही. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेल्या संग्रामदुर्गाच्या उरल्यासुरल्या तटापासून पुन्हा नोंदी सुरू केल्या आहेत. झोळीत जुना डीएसएलआर, ट्रायपॉड आणि टॉर्च असतो. दगड दिसला की पहिला फोटो त्याच दिवशी काढतो, ऊन कसेही असो.