तेलगावचा शांत तास

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचे दोन विकांत रिलीजच्या नादात गेले, त्याआधीचा दिवाळीसाठी तेलगावला. आजचा विषय तिथेच सापडला.

ज्यांना तेलगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: बीड जिल्हा, धारूर तालुका. माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता आणि बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. जवळच साखर कारखाना. त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यावर लावलेली गाणी, एसटीचे हॉर्न आणि दुकानांचे भोंगे. फाट्याला 'शांत' म्हटलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

माझ्या मावसभावाचा मुलगा तिथे राहतो. वय सात. त्याला सगळे बाळ्या म्हणतात. बाळ्या स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टरी भाषेत ऑटिझम. तो बोलतो कमी, पण घरातल्या प्रत्येक डब्यात काय आहे ते त्याला पाठ आहे.

दिवाळीआधी आम्ही त्याला कपडे घ्यायला नेलं. दुकानाच्या दारात स्पीकर, त्यावर "या या या" चालू. आत डोळे दिपवणारे दिवे, चार पंखे, नव्या कापडाचा वास आणि गर्दी. बाळ्यानं आधी कान झाकले, मग डोळे मिटले, मग फरशीवर आडवा होऊन ओरडायला लागला. लोक गोळा झाले. एक गृहस्थ म्हणाले, "लई लाडावलंय लेकरू, दोन ठिवून द्या." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्याला उचलून बाहेर आल्या. कपडे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मी वैतागून लॅपटॉप मिटला, तर वहिनी पिशवी घेऊन उठल्या. "चला भाऊजी, लाईट गेलीय तंवर किराणा आणू. बाळ्या, चल."

मला काही कळेना. दुकानात गेल्यावर कळलं. फ्रीजची घरघर नाही, टीव्ही नाही, पंखा नाही, ट्यूबलाईट नाही. दारातून येईल तेवढाच उजेड. दुकानदार तात्यांनी बाळ्याचा गालगुच्चा घेतला नाही, नाव विचारलं नाही, नुसती मान हलवली. बाळ्यानं साबणाच्या वड्या मोजल्या, साखर, शेंगदाणे, पोहे अशी यादी स्वतः सांगितली, पैसे दिले, सुटे घेतले. कालचंच पोरगं!

"दीड वर्ष झालं, लाईट गेली की आम्ही बाजार करतो," वहिनी म्हणाल्या.

पुण्यात परत आल्यावर राहवेना, म्हणून बरंच वाचन केलं. निघालं ते असं.

स्वमग्नतेचं पहिलं गाजलेलं वर्णन १९४३ सालचं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवर एक निबंध लिहिला. या मुलांना व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, यांत्रिक खेळणी, अंडी फेटायचं यंत्र, काहींना तर वाऱ्याचीही भीती वाटते, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि तीच मुलं स्वतः तेवढाच आवाज मजेत करू शकतात हेही. म्हणजे बाळ्याची कपड्यांच्या दुकानातली अडचण पहिल्याच कागदावर नोंदलेली होती. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या पुस्तकावरून जगभर निदान होतं, त्यात आवाज, उजेड, स्पर्श यांची अतिसंवेदनशीलता हे अधिकृत लक्षण म्हणून आलं ते पाचव्या आवृत्तीत, २०१३ साली. सत्तर वर्षांनी! आमच्याकडे एखादा बग इतके दिवस उघडा राहिला तर मॅनेजर काय म्हणेल ते लिहीत नाही :)

मधल्या काळात दोष कुणाचा ठरला? आधी आईचा. पन्नास-साठच्या दशकांत 'थंड आईमुळे' मूल असं होतं हा सिद्धांत जोरात होता. पुढे संशोधनानं तो मोडीत काढला. दुकानातल्या त्या गृहस्थांपर्यंत ती बातमी अजून पोचायचीय, इतकंच.

कॅनरच्या ११ मुलांपैकी पहिला होता डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. १९३७ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला एका संस्थेत ठेवलं, पण पुढच्या वर्षी आईवडिलांनी घरी परत आणलं. पुढे तो गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी फिरला. लोकांना तो नावाऐवजी आकडे द्यायचा, आणि लोक ते आकडे अभिमानानं मिरवायचे. २०२३ च्या जूनमध्ये ८९ व्या वर्षी तो गेला. फॉरेस्टमध्ये कुणी खास दुकान काढलं नव्हतं. गावाला तो माहीत होता, बस्स. अर्थात हेही सांगायला हवं की ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. पैसा आणि वजन असलं की गावही लवकर समजूतदार होतं. ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला दरवर्षी नवा फड, नवं गाव. त्याला ओळखून ठेवणार कोण?

म्हणून ओळखीच्या पलीकडे नियम लागतो. आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्यातल्या यादीत सात अपंगत्वं होती, स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, पण तो मुख्यतः पालकत्वाचा आणि सांभाळण्याचा कायदा. खरा बदल २०१६ चा. दिव्यांग हक्क कायद्यानं यादी २१ वर नेली आणि त्यात स्वमग्नता घातली. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे.

मी तो वाचला, आणि व्याख्या वाचून चाटच पडलो. 'अडथळा' म्हणजे फक्त पायऱ्या नव्हेत; संवाद, वातावरण, समाज, लोकांची वृत्ती यांतली आड येणारी गोष्टही अडथळाच. आणि सार्वजनिक सेवांच्या यादीत शिक्षण, बँक, दवाखाना यांच्याबरोबर चक्क खरेदीही आहे. खाजगी सेवा देणाऱ्यांनाही तो कायदा लागू होतो. म्हणजे दारातला भोंगा आणि "दोन ठिवून द्या", दोन्ही कायद्याच्या भाषेत अडथळेच.

मग अडलं कुठे? कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत सुगम्यतेची मानकं अशी लिहिली गेली की ती सक्तीपेक्षा शिफारशींसारखीच वाचावी लागत. राजीव रतूडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीची मानकं करा असं सांगितलं.

आवाजाचं तर वेगळंच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. बाजारपेठेत दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हे नियम कडकपणे पाळायला बजावलं. मी मोबाईलवर फाट्यावरचा आवाज मोजायचा प्रयत्न केला. मोबाईलचं माप फार खरं धरू नये, पण आकडा ६५ च्या आसपासही फिरकत नव्हता.

तिकडे इंग्लंडमध्ये कायद्याची वाट न बघता दुकानांनी सुरुवात केली. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानानं एक तास संगीत, टीव्ही आणि सरकते जिने बंद ठेवून पाहिले. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथल्या राष्ट्रीय स्वमग्नता संस्थेनं देशभर असा तास पाळायची मोहीम काढली. ही संस्था १९६२ साली पालकांनीच सुरू केलेली. २०१८ पासून मॉरिसन्सच्या दुकानांत शनिवारी सकाळी नऊ ते दहा 'शांत तास' सुरू झाला. दिवे मंद, संगीत बंद, घोषणा नाहीत. खर्च जवळजवळ शून्य.

हे वाचताना मी हसलोच. हा तास तेलगावात दीड वर्षापासून चालू आहे की. फरक एवढाच, की तो कधी येणार हे कुणालाच माहीत नसतं. आणि परवा भाऊ सांगत होता, आता लाईट पूर्वीसारखी जात नाही. सगळ्या गावाला आनंद. वहिनींना मात्र काळजी, की आता याला बाजारात न्यायचं कधी?

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटा त्या कपड्यांच्या दुकानात गेलो होतो. मालकांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "आधी सांगायचं ना! सकाळी साडेनऊला आणा, माईक अकराला लावतो." आम्ही गेलो. अर्धेच दिवे, गर्दी नाही. बाळ्यानं शर्टाच्या मानेला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "टोचतंय." मालकांनी कात्रीनं लेबल कापलं. बाळ्यानं शर्ट अंगात घातला तो काढेचना. मग दहा वाजता कामावर आलेल्या पोरानं सवयीनं माईक चालू केला, आणि आम्ही पळालो.

शर्ट मिळाला. पँट राहिली. मालकांनी पोराला झापलं आणि पुढच्या वेळी फोन करून या म्हणून सांगितलं.

असो. पोलाची तार तुटायची वाट न बघता शांत तास मिळायला हवा, एवढंच म्हणणं आहे. त्याला ना बजेट लागतं, ना टेंडर. एक बटण आहे, ते बंद करता येतं. तुमच्या गावात असं एखादं दुकान असेल तर जरूर कळवा, वहिनींना सांगेन.