थँक्सगिव्हिंग वेगळ्या पद्धतीने साजरं करायचंय? सातपुड्यातल्या मणिबेली परिसराकडे आहेत भन्नाट कल्पना

नोव्हेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर भाजलेली टर्की, भोपळ्याचा पाय आणि लांबलचक टेबलाभोवती बसलेली कुटुंबं दिसायला लागतात. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळीही त्या दिवशी एकत्र जमतात. टर्कीच्या जागी कुणाकडे चिकन रस्सा असतो, कुणाकडे पुरणपोळी. आता तर पुण्या-मुंबईतही मित्रमंडळींच्या ‘फ्रेंड्सगिव्हिंग’च्या पार्ट्या होऊ लागल्या आहेत.

पण नवं धान्य घरात आल्यावर आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं, ही पद्धत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या काठावरच्या मणिबेली आणि आसपासच्या डोंगरात ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिथली पद्धत समजून घेतली, तर आपल्या घरचं थँक्सगिव्हिंगही जरा वेगळं करता येईल.

आधी थँक्सगिव्हिंग म्हणजे काय, ते पाहू

१६२१ साली प्लिमथ इथे इंग्रज वसाहतवाल्यांनी पहिलं चांगलं पीक आल्यावर मेजवानी केली. तिथले मूळ रहिवासी असलेले वाम्पानोआग लोकही त्या मेजवानीला होते. पुढे १८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांनी हा दिवस देशभर पाळण्याची घोषणा केली. १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९७० पासून दरवर्षी याच दिवशी प्लिमथमध्ये मूळ अमेरिकी लोक जमतात आणि ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळतात. ज्या जमिनीच्या पिकाबद्दल आभार मानले जातात, ती जमीन आमची होती आणि ती आमच्याकडून गेली, असं त्यांचं म्हणणं आहे. ही बाजू लक्षात ठेवा, कारण मणिबेलीची गोष्टही इथेच येऊन भिडते.

सातपुड्यात आभार कसे मानतात?

मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला आहे. समोर नर्मदा, पाठीशी सातपुडा आणि हाकेच्या अंतरावर गुजरात. या पट्ट्यात भिल्ल, वसावे, तडवी, पावरा अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. ज्वारी, मका, तूर आणि डोंगरउतारावरची बारीक भरडधान्यं ही इथली पिकं.

नवाई : शेतात नवं पीक तयार झालं तरी ते लगेच खायचं नाही. आधी देवाला आणि घरातल्या पूर्वजांना द्यायचं, मगच घरच्यांच्या ताटात वाढायचं.

याहा मोगी : ‘याहा’ म्हणजे आई. याहा मोगी किंवा देवमोगरा माता ही धान्याची देवी. मोठ्या दुष्काळात तिने माणसांना आणि गुराढोरांना जगवलं, अशी कथा सांगतात. तिचं ठाणं गुजरातमधल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. दोन्ही राज्यांतून लोक बांबूच्या टोपलीत नवं धान्य घेऊन येतात.

वाघदेव : गुरं रानात चरायला जातात ती वाघ-बिबट्याच्या हद्दीत. म्हणून वाघबारशीच्या सुमारास वाघदेवाची पूजा होते. ज्याची भीती वाटते, त्यालाही नैवेद्य मिळतो.

गावदिवाळी : ही कल्पना मोठी मजेशीर आहे. कॅलेंडरवरची दिवाळी झाली की पुढच्या आठवड्यांत प्रत्येक गाव आपापली दिवाळी वेगळ्या दिवशी ठरवतं. आज या गावची, चार दिवसांनी पलीकडच्या पाड्याची. त्यामुळे लेकी-जावई, मामा, सोयरे सगळ्यांनाच एकमेकांकडे जाता येतं. ‘त्या दिवशी आमच्याकडेही सण आहे’ ही अडचणच उरत नाही.

लाह : कुणाचं घर बांधायचं असो की शेतातलं काम अडलेलं असो, गावकरी मिळून ते काम करतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम, तो सगळ्यांना जेवू घालतो. उद्या दुसऱ्याकडे काम निघालं की तोही तिथे हजर असतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. इथे आभार हवेत सोडले जात नाहीत. ते नेमके कुणाचे मानायचे हे ठरलेलं असतं. धान्याचे, पूर्वजांचे, वाघाचे, कामाला आलेल्या शेजाऱ्याचे. आणि ज्याचे आभार मानायचे, त्याचा घास आधी काढून ठेवला जातो.

मग शेतच पाण्याखाली गेलं, तेव्हा?

सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात. मणिबेली धरणाच्या भिंतीपासून सगळ्यात जवळच्या गावांपैकी एक, त्यामुळे पाणी आधी तिथे पोहोचलं. नर्मदा बचाव आंदोलनाचा सत्याग्रहही तिथे झाला. १९९३ च्या पावसाळ्यात घरं आणि शेतं बुडाली. जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पुढे पाण्याखाली गेलं. नवं मंदिर गुजरातमध्ये गोरा इथे बांधण्यात आलं.

१९९४ मध्ये गावाचं नाव जगभर पोहोचलं. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, अशी मागणी करणाऱ्या ‘मणिबेली जाहीरनाम्या’ला ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी पाठिंबा दिला.

काही कुटुंबं गुजरातमधल्या, तर काही तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतींत गेली. काही जण डोंगरात वर सरकून तिथेच राहिले. भरपाईत जमीन मिळू शकते, घरही मिळू शकतं. पण वाघदेवाचं ठिकाण, पूर्वजांची जागा, नदीचा काठ सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. आभार मानायची जागाच गेली, तर सण कुठे करायचा, हा प्रश्न या लोकांपुढे खरोखरच उभा राहिला. आणि ज्या गावदिवाळीला लोक डोंगरवाटेने शेजारच्या पाड्यावर जायचे, तिथले सोयरेच आता दोन राज्यांत विखुरले.

तुमच्या घरी काय करता येईल?

देवदेवतांच्या विधींची नक्कल करायची गरज नाही. ते ज्यांचे आहेत त्यांचेच राहू द्यावेत. त्यामागचा विचार मात्र कुणालाही घेता येतो.

१. पहिला घास दुसऱ्याचा. जेवण सुरू करण्याआधी पहिलं ताट अशा माणसाला द्या, ज्याच्यामुळे तुमचं वर्ष सुरळीत गेलं. इमारतीचे वॉचमन, घरकामाच्या मावशी, रोजचे भाजीवाले. ताट हातात देऊन वाटेला लावू नका, शेजारी बसवून जेवा.

२. तारीख वाटून घ्या. सगळ्यांना एकच रविवार जमत नाही म्हणून बेत रद्द होतो ना? गावदिवाळीसारखं करा. चार मित्रांची चार घरं, चार वेगवेगळे दिवस. प्रत्येकाकडे एकदा जायचं.

३. पार्टीऐवजी लाह. आजीच्या घराला रंग द्यायचाय, मित्राला घर बदलायचंय, कुणाच्या गच्चीवर बाग लावायचीय? सगळ्यांनी मिळून दिवसभर काम करा. संध्याकाळचं जेवण ज्याचं काम त्याच्याकडे.

४. ताटाचा पत्ता शोधा. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि त्यातलं धान्य किंवा भाजी कोणत्या गावातून आली, ते सांगायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. ज्वारी सोलापूरची निघते, तर आमचूर धडगावच्या डोंगरातला. पत्ता सापडलाच नाही, तर तो शोधणं हा पुढच्या वर्षीचा गृहपाठ!

५. शेतात पंगत. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूर भागात वेळ अमावास्या असते. त्या दिवशी माणसं गोतावळ्यासह शेतात जातात. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील असा बेत असतो. ज्याच्याकडे शेत नाही, त्याला शेतवाला मित्र आग्रहाने नेतो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर आजच फोन करा.

६. दारावर नवं बांधा. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि फुलं एकत्र बांधून दाराला लावतात. शहरातही बाजारात मिळणाऱ्या कणसांचं आणि झेंडूचं छोटं तोरण पाहुण्यांसोबत बसून करता येतं.

७. गेलेल्याची आठवण. जेवताना दोन मिनिटं अशा जागेबद्दल बोला, जी आता राहिली नाही. आजोळचा वाडा, विकलेली जमीन, रस्त्यात गेलेली विहीर. घरातल्या मोठ्यांना बोलू द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ज्या घरांनी गाव गमावलंय, त्यांच्याकडे ही गोष्ट आपोआप निघते. बाकीच्यांना मुद्दाम काढावी लागते.

टर्की मिळाली नाही, टेबल लांब नसलं, तरी काही बिघडत नाही. यंदा कुणाकुणाचे आभार मानायचे, त्यांची नावं आधी एका कागदावर लिहा आणि मगच पाहुण्यांची यादी करा. दोन्ही याद्यांत एकही नाव सारखं नसेल, तर आमंत्रणं पुन्हा एकदा तपासलेली बरी.