मेणाचे वजन आणि सोन्याचा कायदा

मुंबईत साकीनाका-मरोळच्या पट्ट्यात दागिन्यांचे ओतकाम कारखान्याच्या प्रमाणावर कसे आले, हे कागदांवरून जुळवता येते. मात्र एकच कागद धरून चालत नाही. ‘सीप्झ’ या तिथल्या निर्यात क्षेत्राची नोंद, सोन्याचा कायदा आणि नऊशे वर्षांपूर्वीचा एक संस्कृत ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवावे लागतात.

सीप्झची नोंद सरळ आहे. 1 मे 1973 रोजी हे निर्यात क्षेत्र फक्त इलेक्ट्रॉनिक मालासाठी स्थापन झाले. 1987-88 मध्ये तिथे रत्ने आणि दागिने घडवून निर्यात करायला परवानगी मिळाली. या निर्यातीला वाव मोठा, पण अडचणीही आहेत, असे सरकारी कारण. अडचण नेमकी कोणती, याचे उत्तर सोन्याच्या कायद्यात सापडते.

जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले. 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांच्या घरची चूल विझायची वेळ आली. शुद्धतेची अट 1966 मध्ये उठली, पण 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने साठ्यावर बंधन घातले. प्रमाणित सोनाराला 100 ग्रॅमपेक्षा जास्त सोने बाळगता येत नसे. एकेक दागिना हाताने घडवणारा या मर्यादेत कसाबसा निभावून नेईल. ओतकाम करणाऱ्याचे मात्र तिथेच अडते.

किती अडते, हे ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सांगतो. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने तो 1130 च्या सुमारास रचला. गो. के. श्रीगोंदेकरांनी संपादलेला त्याचा पहिला खंड 1925 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत निघाला. ग्रंथातली कृती अशी: मेणाची मूर्ती करायची आणि धातू आत जाण्यासाठी तिला पाठीवर, खांद्यांवर नळ्या जोडायच्या. मग जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ मातीत घालून गुळगुळीत दगडावर वाटायचे. त्या मातीचा पहिला लेप पातळ हवा आणि तो सावलीतच वाळवायचा. त्यावर आणखी दोन लेप. मेण वितळून गेले की त्या पोकळीत धातू ओतायचा. आज सीप्झमध्ये मातीच्या जागी जिप्समचे प्लास्टर असते आणि हवा पंपाने ओढून काढतात. बाकी क्रम तोच.

याच कृतीत वजनाचा नियम आहे: मेणाच्या बारापट चांदी, सोळापट सोने. शुद्ध सोन्याला खरे तर वीसपट लागेल. पण 18 कॅरेटच्या सोन्याला सोळापट हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत बसते. हा आकडा भट्टीजवळ बसूनच निघालेला असणार, असे माझे मत आहे.

आता हिशेब करू. चार ग्रॅमच्या अंगठीला पाव ग्रॅम मेण लागते. अशा तीस अंगठ्या मेणाच्या एकाच दांड्याला डहाळ्यांसारख्या चिकटवल्या की ओतकामाचे एक ‘झाड’ होते. दांडा धरून मेण दहा ग्रॅम, म्हणजे सोने 160 ग्रॅम. एका ओतणीतच कायद्याची मर्यादा ओलांडली! बाहेर सोनाराला जे करता येत नव्हते त्याला कुंपणाच्या आत वाट मिळाली, हा 1987-88 च्या परवानगीचा खरा अर्थ, असे मला वाटते. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, पण तोवर सीप्झमध्ये या धंद्याने मूळ धरले होते.

सीप्झची त्यानंतरची फेररचना सरकारच्या जानेवारी 2024 च्या निवेदनात आहे. 12 जानेवारीला ‘भारत रत्नम’ या सामायिक सुविधा केंद्राचे उद्घाटन झाले. तिथे प्रशिक्षण शाळा आहे, आणि धातूची थ्री-डी छपाई करणारे यंत्रही. जुन्या इमारतीतल्या दागिन्यांच्या कारखान्यांसाठी ‘नेस्ट-1’ ही नवी इमारत झाली.   यातले थ्री-डी छपाईचे यंत्र धातू थेट छापते. त्याला मेणही लागत नाही आणि साचाही.

म्हणून मेणावर काम केलेल्यांची नोंद आत्ताच व्हायला हवी. साकीनाका, मरोळ, चकाला भागात कुणाकडे जुनी ओतकामाची वही असेल, एका रकान्यात मेणाचे वजन आणि शेजारी धातूचे असलेली, तर ती रद्दीत देऊ नका. राज्याच्या पुराभिलेखागाराला किंवा जवळच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवा. मालकाच्या ताळेबंदापेक्षा त्या वहीत या उद्योगाचा इतिहास जास्त आहे.