चांद्याचें राजगृह : तयार घ्यावें कीं नवें बांधावें ?

तयार घर विकत घ्यावें कीं जागा पाहून नवें बांधावें, हा विचार गृहस्थाला जसा पडतो तसा राजकुलांसही पडत असे. भेद इतकाच कीं, राजाच्या निर्णयाचा भार रयतेनें उचलावा लागे. सांप्रत चंद्रपूर व गडचिरोली या नांवांनीं ओळखले जाणारे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, आणि १९६४ पूर्वीं त्यांस चांदा म्हणत. या अरण्यमय प्रांतांत गोंड राजांनीं वरील दोन्ही मार्ग अवलंबिले. त्यांतील चांदा नगराची कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती ज्या रीतीनें सांगितली जाते, त्या रीतीनें ती इतिहास म्हणून स्वीकारतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

कथा अशी. खांडक्या बल्लाळशहा हा शिरपुरास राज्य करीत असतां त्याच्या अंगावर गाठी उठल्या. चतुर राणीच्या सल्ल्यानें त्यानें शिरपूर सोडलें आणि वर्धेच्या पूर्वतीरीं बल्लाळपूर वसविलें. एके दिवशीं मृगयेस गेला असतां तहान लागून त्यानें झरपट नदीच्या कोरड्या पात्रांतील एका डबक्याचें पाणी घेतलें, तोंड धुतलें, आणि त्याची व्याधी ओसरली. तेंच अचलेश्वराचें स्थान. पुढें त्याच परिसरांत एक ससा उलटून शिकारी कुत्र्याच्या मागें लागलेला त्यानें पाहिला. ससा ज्या वाटेनें धांवला त्याच वाटेनें तट घालावा असें राणीनें सुचविलें, आणि बांधकामाची देखरेख तेल ठाकुरांकडे सोंपविण्यांत आली.

आतां सशाची ही गोष्ट चांद्याचीच नव्हे. विजयनगराच्या स्थापनेविषयीं हीच सांगतात, अहमदाबादेविषयींही हीच. एकच ससा इतक्या दूरदूरच्या राजधान्या आंखीत फिरला असें मानण्यापेक्षां, नव्या नगरास शौर्याचा शकुन जोडण्याची ती एक रूढ पद्धति होती असें समजणें अधिक सयुक्तिक. मेजर ल्युसी स्मिथ यांनीं १८६९ च्या जमाबंदी अहवालांत गोंडांच्या परंपरा नोंदविल्या, हे त्यांचे उपकारच. मात्र नोंद झाली एवढ्यानें दंतकथेचें प्रमाण होत नाहीं.

तथापि ससा वगळला तरी कथेंत कांहीं उरतें, आणि जें उरतें तें महत्त्वाचें आहे. शिरपुरीं राजा व्याधिग्रस्त, झरपटेकाठीं निरोगी : म्हणजे राजधानी हलविण्याचें कारण लोकस्मृतीनें पाण्याशीं जोडलें आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत घर बांधण्यापूर्वीं भूमीची परीक्षा सांगितली आहे. गुडघाभर खड्डा खणावा व तीच माती पुन्हां त्यांत भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. मग सूर्यास्तीं खड्डा पाण्यानें भरून सकाळीं पाहावा. पाणी टिकलेलें असेल तर उत्तम. गोंडांनीं हें सूत्र वाचलें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण उन्हाळ्यांत कोरड्या पात्रांत पाणी टिकून राहिलेली जागा ज्यानें निवडली, त्यानें तीच परीक्षा आपल्या डोळ्यांनीं केली होती.

तयार वास्तु घेण्याचें उदाहरण माणिकगडाचें. तो माना राजांनीं बांधला व पुढें गोंडांकडे आला अशी परंपरा आहे. त्याच्या दरवाजावर नागाची आकृति कोरलेली आहे. मूळ धन्याची खूण चौकटीवर तशीच राहिली. याच्या उलट चांद्याच्या जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर या चारही वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह आहे, आणि तें गोंड राजांचें स्वतःचें चिन्ह.

परंतु स्वतःचें चिन्ह कोरण्यास काळ फार लागला. परंपरेप्रमाणें खांडक्यानें आरंभ केला; हीरशहानें बालेकिल्ला व राजवाडा उभारला; तट पुरा झाला तो धुंड्या रामशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे मधल्या कित्येक राजांनीं अपुऱ्या भिंतींच्या आड राज्य केलें. सुमारें ११ किलोमीटरचा दगडी तट एका पिढीच्या आवांक्यांतला नव्हताच. नवें बांधणारास हा हिशेब आरंभीं क्वचितच दिसतो. जागेंतही दोष होताच. ज्या इरई-झरपटांमुळें स्थान निवडलें, त्यांचेंच भय नगराला कायमचें लागलें. जुलै २०२२ मध्यें इरईचें पाणी नदीकाठच्या सखल वस्त्यांत शिरलें.

नगर पुरें झाल्यानंतर तें तयार घेणारे आले. १७५१ मध्यें नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं चांदा आपल्या ताब्यांत आणलें. शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लाळपुरच्या किल्ल्यांत कैदेंत पडला. भोसल्यांस तट, वेशी, राजवाडा हें सर्व सिद्ध मिळालें, पण त्यांची गादी नागपुरासच राहिली व चांदा हें एक ठाणें झालें. तयार घर मिळालें म्हणून त्यांत राहावेंच असें नाहीं. मे १८१८ मध्यें इंग्रजी फौजेनें तोफांनीं तटास खिंडार पाडून शहर घेतलें. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर तें कायमचें इंग्रजांच्या अंमलाखालीं गेलें.

राजवाड्याचा उपयोग मग कारागृहासाठीं झाला, व आजही तेथें जिल्हा कारागृह आहे. १८५८ मध्यें इंग्रजांविरुद्ध उठलेला मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यास त्याच तुरुंगाच्या आवारांत २१ ऑक्टोबर रोजीं फांशी देण्यांत आली. हीरशहानें जो वाडा आपल्या कुळासाठीं बांधला असें परंपरा सांगते, त्याच्या भिंती तेव्हांही शाबूत होत्या.