कच्चा खासगी रस्ता : आधी पाणी, मग मुरूम

मुळशी, कर्जत वा मुरबाड परिसरात शेतघर बांधणाऱ्यांच्या दारापर्यंत येणारा रस्त्याचा शेवटचा तुकडा बहुधा कच्चाच असतो. रस्ता खासगी असेल तर त्याची देखभालही प्लॉटधारकांनाच करावी लागते. दरवर्षी वर्गणी काढून मुरूम टाकायचा आणि पहिल्याच जोरदार पावसात तो ओढ्याला मिळालेला पाहायचा, हा अनेकांचा अनुभव आहे. रात्री-अपरात्री बोलावलेली रुग्णवाहिका याच तुकड्यावर रुतू शकते, याचा विचार मात्र वर्गणी ठरवताना क्वचितच होतो.

दोष मुरमाचा नसतो, पाण्याचा असतो. पैसे मोजकेच असतील, तर ते प्रथम पाण्याला वाट देण्यावर खर्च करावेत. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा उंच हवा. दर मीटरला ४ ते ५ सेंटिमीटर उतार पुरतो. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर वर असावा. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने हे तपासता येते. कडेने चर खणावेत आणि त्यांतील पाणी ठिकठिकाणी नैसर्गिक उताराकडे काढून द्यावे. ते शेजाऱ्याच्या शेतात मात्र सोडू नये. रस्त्यावरून होणारी निम्मी भांडणे तिथेच सुरू होतात. चढावर वेगाने वाहणारे पाणी चराचा तळ खरवडते. तेथे दगडांचे बुटके आडवे बांध घालावेत, काठाला वाळा लावावा. त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. ओहोळावर सिमेंटचा पाइप टाकताना काटकसर नको. अरुंद पाइप पालापाचोळ्याने तुंबतो आणि पाणी रस्त्यावरूनच वाट काढते.

खड्ड्यात नुसती खडी ओतणे व्यर्थ आहे. चिखल उपसून, कडा उभ्या कापून, खडी-मुरूम थराथराने भरावा आणि प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने ठोकावा. कोरडा मुरूम दबत नाही, उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो. काळ्या मातीत तर दगडांच्या सोलिंगवाचून टाकलेला मुरूम पावसाळ्यात मातीतच गडप होतो.

स्वस्त म्हणून जवळच्या टेकडीवरून मुरूम उचलण्याचा मोह टाळावा. तो गौण खनिजात मोडतो. विनापरवाना उत्खनन केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. पुरवठादाराकडून माल घेतानाही वाहतूक पास मागून घ्यावा.

मे महिन्यात चर आणि पाइप साफ करावेत. भर पावसात विटा-वाळूचे ट्रक रस्त्यावर येऊ देऊ नयेत. एकच ट्रक वर्षभराची मेहनत वाया घालवतो. मुख्य दुरुस्ती व रोलरची दबाई पाऊस ओसरताच, जमिनीत ओल असताना उरकावी. दिवाळीनंतर हेच काम करायचे, तर टँकरचा खर्च वाढतो.