कोणते जेऊर?

वतनदाराचा पूर्वज शोधणे फारसे अवघड नसते. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची नावे महजरांत आणि निवाडपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. वतनावरून भांडणे झाली, म्हणून कागद झाले. ज्याला वतनच नव्हते त्याचे भांडण चावडीपलीकडे गेले नाही, आणि त्याचे नावही गेले नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नाव लागायचे, तर तिथवर जाण्याची ऐपत हवी. असा माणूस गाव सोडून गेला की पाण्यातल्या मिठासारखा विरून जातो.

मॉरिशसला गेलेल्या आपल्या माणसांचे मात्र उलटे झाले. गुलामगिरी बंद झाली तरी तिथल्या उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारावर त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता-मद्रासकडची, मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती. पोर्ट लुईला उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळे. बाईलाही स्वतंत्र क्रमांक. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, अंगावरची खूण, सारे नोंदले जाई. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. गावी ज्याचे नाव कोणी लिहिले नाही, त्याच्या अंगावरचा व्रणसुद्धा तिथे लिहिलेला सापडतो!

पण ही काही माया नव्हे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. पणतू आज जे छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावतो, ते पणजोबांनी हौसेने काढवलेले नाही; शिपायाने अडवले तर दाखवायचे म्हणून काढलेले आहे.

अशाच एका घराण्यातल्या गृहस्थांचे मला पत्र आले. त्यांच्या पूर्वजाची नोंद १८५० नंतरच्या दशकातली : गाव जेऊर, जिल्हा अहमदनगर. आडनाव नाही. तिकडे पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे वंशाचे आडनाव होऊन बसले, त्यामुळे इकडे आडनावावरून शोध घ्यायची वाट बंद. त्यांचा प्रश्न एवढाच, की ते जेऊर तुमचेच का?

'नाही, आमचे सोलापूर जिल्ह्यातले,' असे उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण १८३८ मध्ये सोलापूर हा नगरचा उपजिल्हा झाला आणि आमचा करमाळा तालुका त्यात होता. १८६४ मध्ये तो उपजिल्हा मोडला, १८७१ मध्ये सोलापूर पुन्हा उभे राहिले. म्हणजे त्या काळी करमाळ्याजवळच्या जेऊरचा माणूसही कागदावर नगरचाच. अक्कलकोटकडे आणखी एक जेऊर आहे, पण अक्कलकोट तेव्हा संस्थान होते, ते बाजूला ठेवू. नगरजवळचे बायजाबाईचे जेऊर आणि आमचे जेऊर, निदान ही दोन तरी उरतात. रेल्वे कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या बारशी रोडला, १८५९ मध्ये आली. त्याआधी निघालेल्या माणसाला दोन्हीकडून बरीच वाट पायीच तुडवावी लागली असणार.

अशी चुकामूक काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. अठराव्या शतकात ऱ्हाईनकाठचे हजारो जर्मन पेनसिल्व्हेनियात गेले. भाडे देता न आलेले कित्येक जण उतरल्यावर काही वर्षे दुसऱ्याच्या घरी राबून ते फेडीत. १७२७ पासून फिलाडेल्फियाला त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घेऊन याद्या केल्या जात, त्या सोळा वर्षांवरील पुरुषांच्या. इंग्रजी वळणात म्यूलरचा मिलर झाला. गाव बहुधा लिहीत नसत. पण त्यांच्या मायदेशी गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. शोधणारा धीराचा असेल तर कोठेतरी पोचतो. त्यांच्या हाती गाव नाही, पण गावात वही आहे. आपल्या मॉरिशसकरांच्या हाती गाव आहे, पण गावात वहीच नाही.

मग वहीबाहेर शोधावे लागते. मी त्या गृहस्थांना लिहिले, की घरातल्या थोरल्या बायकांना विचारा : नवरात्रात पहिला नैवेद्य कोणाच्या नावाने निघतो? बायजाबाईचे नाव निघाले तर नगरकडचे जेऊर धरावे. करमाळ्याच्या कमलाभवानीचे निघाले तर आमचे. आडनाव कारकुनाने गाळले, पण देवीचे नाव त्याने विचारलेच नव्हते. म्हणून ते घरात राहिले असण्याचा संभव आहे.

त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर त्या माणसावर बायजाबाईच्या जेऊरचा जितका हक्क, तितकाच आमच्याही जेऊरचा आहे.