दुसरा साक्षीदार

कामगार संघटनेत उमर घालविलेल्या माणसाने चित्रपटांच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. शाळा आम्हांला थोडीच लाभली. जे वाचले ते रात्री, कामावरून आल्यावर. परंतु ज्या चित्रपटांविषयी येथे बोलावयाचे आहे, त्यांचा विषय आमच्या चांगला ओळखीचा आहे. एकाच्या हाती घर, पैसा आणि प्रतिष्ठा. दुसऱ्याच्या हाती केवळ आपल्या डोळ्यांनी पाहिलेले. आणि पहिला दुसऱ्यास सांगतो, "तू पाहिलेस तसे काही घडलेच नाही." हा प्रकार नवराबायकोत घडू लागला म्हणजे काय होते, हे रंगभूमीने व पडद्याने कसकसे दाखविले, ते पाहू.

1938 साली पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचे 'गॅस लाइट' हे नाटक रंगभूमीवर आले. 1940 साली थोरोल्ड डिकिन्सन यांनी इंग्लंडात, आणि 1944 साली जॉर्ज क्युकोर यांनी हॉलिवूडमध्ये त्यावर चित्रपट काढला. दुसऱ्या चित्रपटातील पत्नीच्या भूमिकेबद्दल इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. कथा अशी: एका गायिकेचा खून झालेला आहे. पुढे तिच्या भाचीशी एक गृहस्थ लग्न करतो आणि त्याच घरात राहावयास येतो. खुनी तोच, गायिकेची रत्ने त्याला अद्याप सापडलेली नाहीत. रात्री बाहेर जातो असे सांगून तो मागल्या वाटेने बंद माळ्यावर शिरतो आणि तेथला दिवा लावून शोधाशोध करतो. गावात एकाच नळावर दोन घरे असली, आणि एकाने तोटी सोडली की दुसऱ्याकडची धार बारीक होते. गॅसच्या दिव्यांचेही तसेच होते. वर दिवा लागला की खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंद होई. तिने ते बोलून दाखविले की उत्तर ठरलेले: तुला भास होतात. तो स्वतः वस्तू लपवी आणि हरविल्याचा दोष तिच्या माथी मारी. तिला कोणाकडे जाऊ देत नसे, कोणाला तिच्याकडे येऊ देत नसे.

या कथेत नवऱ्याने बायकोवर हात उगारण्याची गरजच पडत नाही. त्याचे सारे काम एकांतावर चालते. घरात दुसरा साक्षीदार नाही, तोवर त्याचा शब्द हेच सत्य. शेवटी पोलिसखात्याचा एक अधिकारी त्या खोलीत बसतो, ज्योत उतरताना पाहतो आणि आपल्यालाही ती दिसली असे म्हणतो. तेवढ्या एका वाक्याने ती स्त्री पुन्हा उभी राहते. तिला औषध दिलेले नाही, उपदेश केलेला नाही. तिने पाहिलेले दुसऱ्या कोणीतरी पाहिले, एवढेच. पुढे या चित्रपटाच्या नावावरून इंग्रजीत अशा छळाला 'गॅसलाइटिंग' म्हणू लागले, आणि 2022 साली अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

आपल्याकडे हा विषय त्याच्याही आधीपासून रंगभूमीवर होता. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून गोविंद बल्लाळ देवल यांनी 1890 च्या सुमारास 'झुंझारराव' लिहिले. त्यात तिसराच माणूस पतीच्या कानात विष ओततो आणि प्राण मात्र निरपराध पत्नीचा जातो. त्याच देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये संशयाचा विषय हास्याकडे वळला. फाल्गुनरावाला आणि त्याच्या बायकोला पाहून प्रेक्षक आजवर हसत आले आहेत. पण या दोन्ही नाटकांत पती स्वतःच फसलेला आहे. जाणूनबुजून, हिशेबाने फसविणारा नवरा मराठी रंगभूमीवर ठसठशीत उभा केला तो आचार्य अत्र्यांनी, 1962 साली, 'तो मी नव्हेच'मध्ये. प्रभाकर पणशीकरांनी रंगविलेला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवितो. निरनिराळी सोंगे घेऊन त्याने लग्ने केलेली आहेत, संसार लुबाडले आहेत. आणि न्यायालयात समोरासमोर येऊनही 'तो मी नव्हेच' असे तो ठणकावून सांगतो. प्रेक्षक त्याच्या हजरजबाबीपणावर लुब्ध झाले. आम्ही मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहावे असे सुचवू. एकटी आलेली साक्ष तो थट्टेवारी नेतो. पण एकामागून एक माणसे येऊन तेच सांगू लागली, म्हणजे त्याच्या नाकारण्याचा रंग उडू लागतो.

1964 साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यावरूनच 1966 साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. नायक वकील आहे, पत्नीच्या निधनाने खचलेला आहे. पकडली गेलेली एक स्त्री न्यायालयात म्हणते, मीच तुमची पत्नी. ती खरे बोलत असते, पण तिच्यावर विश्वास बसत नाही. येथे पती खलनायक नाही, हे ध्यानात घ्यावे. बाईचे म्हणणे खोटे पाडण्यास दुष्ट नवराच लागतो असे नव्हे. भलेपणाने अविश्वास दाखविणारे जगही ते काम करते.

हे सारे करमणुकीपुरते राहिले असते, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. 'वेडी' हा शब्द घरात शिवी असतो आणि कचेरीत पुरावा होऊ पाहतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाला एका खटल्यात स्पष्ट करावे लागले की, आजाराला नुसते नाव दिल्याने भागत नाही. विकार किती तीव्र आहे, हे सिद्ध झाले पाहिजे. पुढे 2005 साली घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलात आला. मारहाणीबरोबरच शाब्दिक व भावनिक छळ, तसेच आर्थिक कोंडी, यांनाही त्यात हिंसाचार म्हटले आहे. माळ्यावर दिवा लावणारा नवरा कायद्याच्या व्याख्येत सापडला.

संघटनेत आम्ही एक गोष्ट अनेकवार पाहिली. एकटा मजूर म्हणतो, माझे चार खाडे चुकून मांडले. त्याला उत्तर मिळते, तुझ्याच लक्षात राहत नाही. तो गप्प बसतो, आणि काही दिवसांनी खरोखरच स्वतःवर शंका घेऊ लागतो. बरोबरीचे चौघे उभे राहिले की हजेरीपट उघडला जातो. घरातल्या बाईला असे चौघे कोठून मिळावेत? आमच्या तालुक्यात संत्र्याच्या तोडीला, निवडीला बाया जातात. बागेतल्या त्या दोन घटकांच्या गप्पा पुष्कळांना रिकामपणाच्या वाटतात. आम्हांला त्या साक्षीच्या वाटतात.

चित्रपटात साक्षीदार बाहेरून येतो, तरुण आणि रुबाबदार असतो. आपल्याकडे तो शेजारीण, जाऊ, भाऊ किंवा कामावरची सोबतीण असणार. 2005 च्या कायद्याचे चौथे कलम म्हणूनच आम्हांला मोलाचे वाटते. असा छळ होत आहे असे मानण्यास ज्याला कारण आहे, त्या कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवावे, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे ते सांगते. घरची गोष्ट घरात, असे म्हणून आपण पुष्कळदा मान फिरवितो. शेजारच्या बाईने भीतभीत काही सांगितले, तर निदान ऐकून घ्यावे. आणि आपणही ते पाहिले असेल, तर तसे तिला सांगावे.